किनाऱ्यावर मदतीला जाताय? आधी ओहोटी कधी आहे ते बघा

माझ्या पहिल्याच किनारा स्वच्छता मोहिमेत मी एका मच्छीमाराचं जाळं कचरा समजून गोणीत भरलं होतं. निळ्या नायलॉनचा ढिगारा, त्यात गुंतलेलं शेवाळ, कडेला दोन-तीन प्लास्टिकचे तरंगे. समुद्राने फेकलेलंच असणार, असं मी धरून चालले. तासाभराने एक वयस्कर मच्छीमार आला आणि आमच्या गोण्या एकेक करून उघडायला लागला. जाळं सापडल्यावर त्याने ते वाळूवर पसरलं. एका बाजूचे फाटलेले आस, म्हणजे जाळ्याची भोकं, नव्या दोऱ्याने विणून झाले होते, गाठी अजून पांढऱ्याशुभ्र होत्या. उरलेली बाजू तो त्या दुपारी विणणार होता. तो चिडला नाही, पण मला त्याच्याकडे बघवेना.

त्यानंतर मी बऱ्याच किनाऱ्यांवर गेले. कचरा उचलला, मोजला, कासवांच्या घरट्यांवर रात्री जागले, कधी नुसती पर्यटक म्हणून फिरले. नव्याने येणाऱ्यांच्या चुका सगळीकडे साधारण त्याच असतात, कारण येणारा माणूस चांगल्या मनाने पण घाईत आलेला असतो. किनाऱ्याचं मात्र स्वतःचं वेळापत्रक असतं. पाण्याचं असतं, पक्ष्यांचं आणि कासवांचं असतं, तिथे पोट भरणाऱ्या माणसांचंही असतं. आपलं काम त्या वेळापत्रकात बसवायचं. ते कसं बसवायचं, हे पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे.

१. हातात किती वेळ आहे ते आधी ठरवा

एक सकाळ असेल तर सफाई किंवा कचऱ्याची मोजणी करा. दोन्ही कामं तासाभरात शिकता येतात आणि खरोखर उपयोगाची असतात. आठवडाभर असेल तर वाळूच्या टेकड्यांवर रोपं लावणं, माहितीफलक लावणं, पर्यटकांशी बोलणं अशा कामांत हात लागतो. कासवांच्या घरट्यांची राखण, प्रवाळांवरचं काम, जखमी प्राण्यांची शुश्रूषा यांना प्रशिक्षण लागतं. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला कुणी थेट या कामांवर लावत असेल, तर त्या संस्थेबद्दलच शंका घ्यावी.

२. संस्थेला प्रश्न विचारायला लाजू नका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. किनाऱ्यावरचं स्वयंसेवी काम हा आता काही ठिकाणी पर्यटनाचाच एक धंदा झाला आहे. पैसे घेणं यात वाईट काही नाही. राहणं, जेवण, प्रशिक्षण, विमा या सगळ्याला खर्च येतो. पण तो पैसा कुठे जातो, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मी फोनवर किंवा पत्रात साधारण हे विचारते:

- स्वयंसेवक नसतात तेव्हा हे काम कोण करतं? (उत्तर ‘कुणीच नाही’ असं आलं, तर काम गरजेतून निघालंय की पाहुण्यांसाठी आखलंय, याचा विचार करा.)
- वन विभाग, बंदर खातं, स्थानिक पंचायत किंवा पालिका यांपैकी कुणाची परवानगी आहे? ती बघायला मिळेल का?
- गोळा झालेला कचरा पुढे कुठे जातो?
- स्थानिक लोकांपैकी किती जण पगारावर आहेत, आणि निर्णय कोण घेतं?
- प्राण्यांना हात लावू दिला जातो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. कासवांची पिल्लं हौदात ठेवून पाहुण्यांच्या हातात देणारी, भर दुपारी पैसे घेऊन ती समुद्रात सोडायला लावणारी केंद्रं अनेक देशांत आहेत. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिला सुमारे एक दिवस जिवाच्या आकांताने पोहतं. किनाऱ्याजवळच्या शिकाऱ्यांपासून लांब जाण्यासाठीची ती शिदोरी असते. हौदात गोल गोल फिरण्यात ती संपली, की पिल्लू समुद्रात जातं ते थकलेलंच. ‘पिल्लं हातात घेऊन फोटो काढता येईल’ अशी जाहिरात दिसली की मी तिथेच थांबते.

कचऱ्याच्या प्रश्नावरही नीट उत्तर घ्या. समुद्रातून आलेलं प्लास्टिक मिठाने, वाळूने आणि उन्हाने इतकं खराब झालेलं असतं की त्याचा पुनर्वापर बहुतेक वेळा होत नाही. ‘सगळं रिसायकल होतं’ असं ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा ‘एवढंच होतं, बाकीचं अमुक ठिकाणी जातं’ असं सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. एका ठिकाणी आम्ही चाळीसएक गोण्या भरून रस्त्याकडेला रचल्या. गाडी आलीच नाही. दोन दिवसांनी वाऱ्याने आणि कुत्र्यांनी गोण्या फोडल्या आणि अर्धा कचरा पुन्हा वाळूत गेला. तेव्हापासून गाडीचं पक्कं झाल्याशिवाय मी पहिली गोणी उघडत नाही.

३. कागदपत्रं

- ओळखपत्र, आणि त्याची एक प्रत वेगळ्या पिशवीत.
- परदेशात जात असाल तर व्हिसाची अट. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी स्वयंसेवाही ‘काम’ धरली जाते. हे दूतावासाकडूनच विचारून घ्या, संस्थेच्या ‘चालतं हो’वर विसंबू नका.
- प्रवास विमा. त्यात स्वयंसेवी काम, आणि पाण्याखाली उतरणार असाल तर डायव्हिंग धरलंय का, ते वाचून बघा. बहुतेक जण इथेच फसतात.
- धनुर्वाताच्या लशीची नोंद. गंजलेलं लोखंड आणि फुटकी काच हाताळायची असते.
- रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचा फोन नंबर, एका कागदावर लिहून. फोन ओला झाला तर कागदच कामाला येतो.
- सोबत मुलं असतील तर पालकांचं लेखी संमतिपत्र.
- ड्रोन उडवायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी. विणीच्या हंगामात तो घरीच ठेवलेला बरा. ड्रोन घिरट्या घालायला लागला की पक्षी अंड्यांवरून उठतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

४. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिका

कोष्टक हातात नसेल तर बाकीची तयारी कितीही चांगली असली तरी कामाची नाही.

जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त वर चढतं आणि जास्त आत ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी होतो. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, तर भूमध्य आणि बाल्टिक समुद्रात पाण्याची ही चढउतार जेमतेम जाणवते. म्हणून जिथे जाणार आहात त्याच बंदराचं कोष्टक घ्या, शेजारच्या शहराचं नको.

सफाईसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे भरती ओसरायला लागल्यापासून पूर्ण ओहोटीपर्यंत. पाणी मागे जात असतं, वाळू घट्ट असते, आणि भरतीने आणून टाकलेला कचरा भरतीरेषेवर ओळीने पडलेला असतो. ओहोटी पूर्ण झाली की परतीला लागा. पाणी पुन्हा चढायला लागल्यावर खडकांच्या पलीकडे किंवा खाडीच्या तोंडाशी कुणीही असता कामा नये. पाणी समोरूनच येईल असं समजू नका. बऱ्याचदा ते आधी मागच्या खळग्यातून शिरतं, आणि तुम्ही उभे असता ती जागा बेट होऊन जाते. एकदा आमच्या गटातले दोघं असेच अडकले. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण ओढ इतकी होती की दोर टाकून त्यांना आणावं लागलं.

एक नियम मुलांना आणि मोठ्यांनाही पाठ करायला लावा: समुद्राकडे पाठ करून वाकायचं नाही. आणि चुकून किनाऱ्यापासून आत खेचणाऱ्या ओढीच्या प्रवाहात सापडलात, तर किनाऱ्याकडे सरळ पोहत दमून जाऊ नका. तरंगत राहा, हात वर करा, अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाहेर पडा.

५. सामान

- रबराचा लेप असलेले जाड कापडी हातमोजे. पातळ वापरून-फेका मोजे पहिल्या शिंपल्यालाच फाटतात आणि कचऱ्यात भर घालतात.
- बंद बूट, जाड तळाचे. चपला नकोत.
- गोण्या किंवा बादल्या. बादली मला जास्त आवडते, वाऱ्याने उडत नाही आणि खाली वाळू साचली की दिसते.
- लांब दांड्याचा चिमटा, कात्री, छोटी सुरी.
- सुया आणि ब्लेडसाठी घट्ट झाकणाचा जाड डबा.
- हुकाला टांगायचा वजनकाटा, मोजणीचा तक्ता, पेन्सिल. ओल्या कागदावर पेन चालत नाही.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, भरपूर पाणी, प्रथमोपचार पेटी.
- रात्रीचं काम असेल तर लाल प्रकाशाची विजेरी.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला की सनस्क्रीन कमी लागतं, हा त्याचा आणखी एक फायदा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं प्रवाळांना घातक ठरू शकतात म्हणून ती असलेल्या सनस्क्रीनची विक्री अमेरिकेतल्या हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशानेही २०२० पासून अशी बंदी घातली आहे. जे लावाल ते झिंक ऑक्साइडवालं लावा आणि पाण्यात उतरण्याच्या बऱ्याच आधी लावा.

६. काय उचलायचं आणि काय जागेवर राहू द्यायचं

किनाऱ्यावरची प्रत्येक नकोशी दिसणारी गोष्ट कचरा नसते. हे एकदा डोळ्यांत बसलं की अर्धं काम शिकून झालं.

*शेवाळ राहू द्या.* भरतीरेषेवर पडलेला काळपट, वास मारणारा शेवाळाचा पट्टा म्हणजे किनाऱ्याचं स्वयंपाकघर. त्यात वाळूतले उडीबाज किडे राहतात, ते शेवाळ खातात, आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्या किड्यांवर जगतात. वाळूही त्याच पट्ट्याला अडून थांबते. शेवाळ हाताने हलकेच उचला, त्यात अडकलेलं प्लास्टिक काढा आणि ते होतं तसं परत ठेवा. यंत्राने किनारा खरवडून ‘चकाचक’ करतात, तेव्हा नेमकं हेच नाहीसं होतं. माझ्या मते तसा चकाचक किनारा आजारी किनारा असतो.

*लाकडं, शिंपले, मृत प्रवाळ राहू द्या.* रिकाम्या शंखात शंखातले खेकडे घर करतात. शिंपल्यांचाच पुढे चुरा होऊन वाळू होते.

*वेली उपटू नका.* उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते. तिच्या मुळांनी टेकडी धरून ठेवलेली असते. तिच्यात अडकलेली पिशवी कात्रीने कापून काढा, ओढू नका. वाळूच्या टेकडीवरून आडवाटेने चालणंही टाळा. एकदा पायवाट पडली की वारा तिथूनच टेकडी पोखरतो.

*जाळी आणि दोर यांबद्दल आधी विचारा.* माझी चूक वर सांगितली आहेच. वाळवायला टाकलेली, दुरुस्तीला काढलेली जाळी बहुधा भरतीरेषेच्या वर, कोरड्या जागी, होड्यांच्या आसपास असतात. समुद्रातून वाहून आलेलं टाकाऊ जाळं वेडंवाकडं गुंतलेलं, अर्धं वाळूत गाडलेलं सापडतं. तरीही विचारा. गाडलेलं जाळं ओढून काढायचं नाही. आजूबाजूची वाळू मोकळी करत, लागेल तसं कापत ते काढावं लागतं, आणि आत एखादा जिवंत खेकडा किंवा मासा आहे का, ते आधी बघावं लागतं.

*काही गोष्टींना हातच लावू नका.* बंद पिंप, सिलिंडर, जहाजावरचे इशाऱ्याचे दारूबाण, ओळखू न येणारी धातूची वस्तू दिसली तर खूण करा, लांब व्हा आणि प्रमुखाला कळवा. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरस अजूनही वाहून येतो. तो हुबेहूब अंबरच्या, म्हणजे झाडाच्या जुन्या राळेपासून बनलेल्या पिवळसर खड्यासारखा दिसतो, आणि खिशात ठेवल्यावर सुकला की पेट घेतो. निळ्या फुग्यासारखा दिसणारा पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर हा जेलीफिशसारखा जीव मेल्यावरही दंश करतो. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर नक्षीदार कोन शंख सापडला आणि तो जिवंत असला, तर त्याचं विष माणसाला मारू शकतं.

उचलण्यासारखं मात्र पुष्कळ असतं, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बहुतेक वेळा सगळ्यात बारीक असतं. सिगारेटच्या थोटकातला कापसासारखा दिसणारा भाग प्लास्टिकच असतो. बाटल्यांची झाकणं, स्ट्रॉ, फुग्यांच्या रिबिनी. आणि प्लास्टिकचे कच्चे दाणे, मसुराएवढे, पांढरट, गोल. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळून बुडालं तेव्हा दीड हजार टनांहून जास्त असे दाणे समुद्रात सांडले आणि किनाऱ्यांवर त्यांचा थर साचला. गुडघे टेकून भरतीरेषेवर हातभर जागा नीट निरखलीत, तर असे दाणे तुम्हालाही सापडतील. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग एक दिसतो, आणि डोळा बसला की ओंजळभर निघतात. सहज दिसणाऱ्या दहा बाटल्या उचलण्यापेक्षा हे काम संथ आहे, पण बाटली दुसरं कुणीही उचलेल. दाण्यांसाठी थांबणारं माणूस विरळा असतं.

जमिनीवर घरटं करणारे चिखल्या, सुरय असे पक्षी विणीच्या काळात कोरड्या वाळूत, खड्यांच्या मध्ये अंडी घालतात. अंडी इतकी वाळूच्या रंगाची असतात की पाय पडेपर्यंत कळत नाही. एखादा लहान पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे पळायला लागला, तर तो जखमी नाही. तुम्ही त्याच्या घरट्यापाशी आला आहात आणि तो तुम्हाला तिथून लांब नेतो आहे. जिथे पाय ठेवत आलात तिथेच पाय ठेवत मागे फिरा.

७. नुसतं उचलू नका, मोजा

पुष्कळ जणांना मोजणी कंटाळवाणी वाटते. मला ती सफाईहून मोठी वाटते.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये लिंडा मरॅनिस यांनी किनारा सफाई भरवली तेव्हा आलेल्या २,८०० लोकांना गोण्यांबरोबर तक्तेही दिले होते. काय सापडलं ते लिहा, एवढंच सांगणं होतं. त्यातूनच पुढे दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होणारी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई उभी राहिली. तक्ते सगळीकडे साधारण सारखे असल्यामुळे वर्षांची तुलना करता येते. सिगारेटची थोटकं वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर होती. २०१९ च्या मोहिमेत खाऊच्या वेष्टनांनी त्यांना पहिल्यांदा मागे टाकलं. ब्रिटनमध्ये प्लास्टिक पिशव्यांसाठी पैसे आकारायला सुरुवात झाल्यानंतर किनाऱ्यावर सापडणाऱ्या अशा पिशव्या दहाएक वर्षांत सुमारे ८० टक्क्यांनी घटल्या. हे कळलं ते दर वर्षी तेवढ्याच पट्ट्यात पिशव्या मोजत बसलेल्या स्वयंसेवकांमुळे.

पद्धत सोपी आहे. शंभर मीटरचा पट्टा आखा, दोन्ही टोकांना कायमची खूण बघून ठेवा, आणि पाण्यापासून वाळूच्या टेकडीपर्यंत सापडलेलं सगळं प्रकारानुसार लिहा. एकाने उचलायचं, एकाने लिहायचं. वजन करताना ओली वाळू झटकून टाका, नाहीतर आकडा फुगतो. आणि गवगवा करण्यासाठी आकडे वाढवू नका. एक खोटा तक्ता शेजारच्या दहा खऱ्या तक्त्यांवरचा विश्वास घालवतो.

८. कासवांच्या किनाऱ्यावर रात्री

परवानगी आणि प्रशिक्षण असेल तरच जा. पांढरी विजेरी, मोबाइलचा पडदा, फ्लॅश सगळं बंद. मादी वाळूवर चढत असताना उजेड किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच परत फिरते. अंधारात बसून राहायचं, बोलायचं नाही, तिच्या पुढून जायचं नाही. घरटं खणून अंडी घालायला लागेपर्यंत जवळ जायचं नाही, आणि तेव्हाही मागून, प्रमुख सांगेल तेवढंच.

अंडी हलवायची वेळ आलीच तर ते काम जाणत्यांचं. घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरवलं तर तो मरतो. ‘भरती येतेय, वाचवू या’ म्हणून उत्साहाने खणलेली घरटी अशीच वाया जातात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. वाळूचं तापमान सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर माद्या जास्त, खाली राहिलं तर नर जास्त, म्हणून घरट्यावर सावली करायची की नाही हेसुद्धा आपण ठरवायचं नसतं.

पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. निसर्गतः ते समुद्राचं असतं. हॉटेलांच्या दिव्यांमुळे ती उलट रस्त्याकडे जातात. तुमच्या खोलीची खिडकी समुद्राकडे असेल तर विणीच्या हंगामात संध्याकाळनंतर पडदा लावा. पर्यटक म्हणून इतकी सोपी आणि इतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. दिवसा मुलांनी केलेले वाळूचे किल्ले आणि खड्डे निघताना सपाट करा. पिल्लाला वीतभर खोल खड्डाही विहिरीसारखा असतो. आणि पिल्लू हळू चालतंय म्हणून उचलून पाण्यात सोडू नका, ते चालू द्या.

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सफाई सुरू केली आणि लोक आठवड्यामागून आठवडा येत राहिले. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. एका दिवसाच्या मोहिमेने असं काही होत नसतं, म्हणून संस्थेला ‘पुन्हा कधी येऊ?’ असं नक्की विचारा.

९. किनाऱ्यावर प्राणी पडलेला दिसला तर

डॉल्फिन किंवा व्हेल जिवंत असेल तर ढकलून समुद्रात लोटू नका. तो बहुधा आजारी असतो, आणि शेपटीला धरून ओढलं तर मणका निखळतो. आधी स्थानिक वन विभागाला किंवा बचाव पथकाला फोन करा. ते येईपर्यंत गर्दी लांब ठेवा, सावली करा, अंगावर ओला कपडा टाका, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. सीलचं एकटं पिल्लू दिसलं तर ते टाकून दिलेलं असेलच असं नाही, आई शिकारीला गेलेली असते. जाळ्यात अडकलेल्या कासवाच्या गळ्यातला दोर उत्साहात कापून त्याला तसंच सोडून देऊ नका. आत जखम किती आहे ते पशुवैद्याने बघायला हवं.

१०. काम संपल्यावरचे दोन दिवस

बहुतेक जण काम संपलं की राहतात, फिरतात. फिरताना कुठे थांबायचं, याचं एक उदाहरण सांगते. थायलंडच्या माया बे इथे दिवसाला पाच हजारांपर्यंत पर्यटक यायचे, होड्यांच्या नांगरांनी आणि पायांनी प्रवाळ मोडले. १ जून २०१८ ला ती खाडी बंद केली, ती १ जानेवारी २०२२ लाच उघडली. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क तिथे परत आले. आता होड्या खाडीत शिरतच नाहीत, मागच्या बाजूला उतरवतात, आणि एका वेळी ठरलेल्या संख्येनेच लोक सोडतात. फिलिपिन्सचं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पूर्ण बंद होतं. एखादी जागा बंद असेल तर कुणाला तरी पैसे देऊन मागच्या वाटेने जाऊ नका.

प्रवाळांवर उभं राहू नका. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, तुमच्या टाचेखाली मोडलेला तुकडा तुमच्याहून वयाने मोठा असू शकतो. होडीवाल्याला नांगर कुठे टाकतो ते विचारा. बांधून ठेवायला पाण्यावर तरंगणारा बोया असेल तर तिथेच बांधायला सांगा. माशांना खाऊ घालू नका. जिथे राहाल ते घर, जी होडी घ्याल ती, शक्यतो तिथल्याच माणसांची असू द्या. जाळं विणणाऱ्याचा, होडी ओढणाऱ्याचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

११. परतताना

हातमोजे, बूट, स्नॉर्कलिंगचं सामान गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. ओल्या सामानातून एका किनाऱ्याच्या बिया आणि जीव दुसऱ्या किनाऱ्यावर जातात. तक्त्याचा फोटो त्याच संध्याकाळी संस्थेला पाठवा. दुसऱ्या दिवशी तो ओला होतो, हरवतो किंवा ‘नंतर पाठवू’मध्ये राहून जातो. गाडी आली का, गोण्या गेल्या का, हे दोन दिवसांनी फोन करून विचारा.

शंख-शिंपले आणि वाळू बरोबर आणू नका. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१७ पासून त्यासाठी दंडच आहे. बुटातली, खिशातली, पिशवीच्या शिवणीतली वाळू बसमध्ये चढण्याआधी तिथेच झटका. माझ्या पिशवीतून दर वेळी एक-दोन पांढरट दाणेही पडतात. ते वेचून डब्यात टाकायचे, आणि मग निघायचं.